उकंड्याचा यशवंतराव

परवा आमच्या शेजारी दत्तकविधान झालं. मांडव होता, वाजंत्री होती, सगळ्या आळीला जेवणाचं बोलावणं होतं. मी गेलो नाही. पोट बिघडलंय असं कळवून दिलं आणि दार लोटून घरात बसून राहिलो. दुपारी सूनबाईनं तिकडच्या जिलब्या पानात घालून आणल्या. त्याही माझ्याच्यानं खाववल्या नाहीत. म्हातारपणी माणूस चमत्कारिक होतो, असं तिला वाटलं असणार. तिला उकंडा माहीत नाही.

अमरावतीच्या सरकारी शाळेत मी मास्तर म्हणून आलो तेव्हा नुकती विशी ओलांडली होती. पुण्याकडच्या माणसाला वऱ्हाड हा तेव्हा परमुलूखच. बोली कानाला राठ लागायची, ऊन अंगाला. गावाभोवतीच्या परकोटाच्या आत अंबा दरवाज्याजवळ दौलतरावांनी नवी माडी बांधली होती, तिच्या खालच्या दोन खोल्या मला राहायला मिळाल्या. भिंतींचा चुना अजून ओला होता. हात टेकला की पांढरा व्हायचा.

त्या सालांत सगळ्या मुलखाला कापसाचं वेड लागलं होतं. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. अमेरिका कुठं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिथली लढाई अशीच चालू राहो म्हणून अंबादेवीला नवस बोललेली माणसं मी पाहिली आहेत. दौलतराव त्यांतलेच. नांदगाव खंडेश्वराच्या पलीकडच्या एका खेड्यातले हे कुणबी. आधी बंड्या भाड्यानं चालवायचे. बैलगाडीला इकडे बंडी म्हणतात. दुसऱ्यांचा कापूस वाहता वाहता ते स्वतःच कापूस घेऊ लागले आणि दौलत्याचे दौलतराव झाले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. घरात मूल तेवढं नव्हतं.

गावी धाकटा भाऊ सखाराम शेती पाहायचा. त्याला दोन मुलगे. थोरला उकंडा, धाकटा नामा. दौलतरावांनी थोरला मागितला, कारण तो अंगानं खणखणीत होता आणि धाकटा किरकिरा. थोरला मुलगा दत्तक देऊ नये असं शास्त्र आहे, हे भटजींनी सुरुवातीला सांगितलं. मग त्यांना दुसरं शास्त्र सापडलं.

सखारामनं का दिला, हे मी पुढं एकदा त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, दादा मागते तं नाई कसं म्हनाव?

विधी मी पाहिला. उकंडा बारा वर्षांचा असेल. दत्तक घेताना मुलाला मांडीवर बसवतात. हा दौलतरावांच्या मांडीवर बसला तर पाय जमिनीवर लांब पसरले, आणि मांडवातली माणसं हसली. भटजींनी विचारलं, दिलास? सखाराम म्हणाला, देल्ला. घेतलास? दौलतराव म्हणाले, घेतला. सखारामची बायको सगुणा खांबाला टेकून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. नाव यशवंतराव ठेवलं, आणि उकंडा हे नाव आता घरात कुणी काढायचं नाही, असं दौलतरावांनी बजावलं. पेढे वाटले.

नात्यांची उलथापालथ त्याच संध्याकाळी झाली. दौलतरावांच्या बायकोला, काशीबाईला, तो आतापर्यंत ‘मोठी माय’ म्हणत आला होता. आता त्यातला ‘मोठी’ हा शब्द तेवढा गाळायचा. आणि जिला माय म्हणत होता तिला काकू म्हणायचं. मोठ्यांना हे अगदी सोपं वाटलं. काशीबाईनं त्याला जवळ घेऊन समजावलं; ती मायेनंच समजावत होती, हे मला सांगायलाच हवं. त्या बाईनं त्याच्या डोक्याला रोज आपल्या हातानं तेल घातलं, तो आजारी पडला तेव्हा उशाशी बसून राहिली. दौलतरावही वाईट नव्हते. त्यांना मुलगा हवा होता, आणि तो आधीपासूनच आपला असायला हवा होता.

शाळेत मी हजेरीला ‘यशवंतराव’ म्हटलं की तो इकडंतिकडं बघायचा. टिवल्याबावल्या नव्हत्या त्या. त्याला खरंच आपल्याला हाक मारली असं वाटायचं नाही. मग त्यानं एक खोड लावून घेतली. यशवंतराव म्हणजे कुणी दुसराच माणूस आहे, अशा थाटात तो त्याच्याविषयी बोलू लागला. काशीबाई जेवायला बोलवायची तर म्हणायचा, यशवंतरावले भूक नाई, मी जेवतो. जरीची टोपी घातली की म्हणायचा, आज यशवंतराव आले. एकदा शाळेला दांडी मारून बंड्यांच्या तळावर सापडला. मी विचारलं, कुठं होतास रे? तर गंभीर तोंडानं म्हणाला, “यशवंतराव शाळेतच असतीन, मास्तर. पाहा बरं.”

वर्ग खो खो हसला. मीही हसलो.

बंड्यांचा तळ ही त्याची खरी जागा. गावाकडून कापूस घेऊन आलेले गाडीवान तिथं चुली मांडायचे. हा त्यांच्यात उकिडवा बसून भाकर आणि ठेचा खायचा, बैलांच्या गळ्याखालची पोळी खाजवत त्यांच्याशी गप्पा मारायचा. घरी त्याला पाटावर मांडी घालून जेवावं लागे, आणि करकरणारे जोडे घालावे लागत. दौलतरावांनी मला मुद्दाम सांगितलं होतं की याची जीभ सुधरवा. उद्या बड्या लोकांत बसायचं आहे. मी संध्याकाळी त्याला शुद्ध बोलायला शिकवत असे. पानी नव्हे, पाणी. म्हनतो नव्हे, म्हणतो. त्यानं एकदा मला विचारलं होतं, “पाणी म्हनलं तं तहान जादा भागते का, मास्तर?”

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पाणी’पासून सुरुवात केली.

नवरात्रात सगुणा आली. देवीच्या दर्शनाचं निमित्त होतं. सोबत ज्वारीच्या लाह्या आणि अंबाडीची वाळवलेली बोंडं आणली होती. काशीबाईनं तिची चांगली उठबस केली, पाहुणीसारखी. तीच तर पंचाईत होती. उकंडा बाहेरून धावत आला, तिला पाहून ओट्यावरच थबकला. काशीबाई आतून म्हणाली, “यशवंता, काकू आली ना रे तुही. पाया पड.”

तो पाया पडला. पण काकू म्हणाला नाही आणि माय म्हणाला नाही. सगळा दिवस तो तिच्याभोवती घोटाळला. तिला काही सांगायचं असलं की समोर येऊन उभा राहायचा, ती बघेपर्यंत थांबायचा. त्यानंतर त्यानं तिला कधीच कुठल्या नावानं हाक मारली नाही.

दुपारी ती माझ्या खोलीच्या पायरीशी येऊन बसली. पोरगं शिकते का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, हुशार आहे. पण उकंडा हे नाव कसलं ठेवलं होतं तुम्ही? ती हसली. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा झाल्याबरोबर सुइणीनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला. टाकलेल्या पोराकडं मरण बघत नाही, अशी समजूत. मग आईनं ते पोर सुइणीकडून विकत घ्यायचं असतं.

“पसाभर जवारी देऊन घेतला म्या त्याले,” ती म्हणाली. “तवा माहा तं इकत घेतलेला होय, मास्तर. यायनं फुकट नेला.”

हे ती रागानं म्हणाली नाही, गमतीनंही नाही. पदरानं पायरीवरची धूळ झाडून ती उठून गेली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत दौलतरावांचं बस्तान आणखी वाढलं. उकंडा उंच झाला, मिसरूड फुटलं. अकोल्याच्या एका तालेवार घरातली मुलगी सांगून आली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आदल्या दिवशी अकोल्याहून पाहुण्यांच्या दमण्या, छपराच्या हलक्या गाड्या, येऊन उतरल्या, घरात पुरणाचा वास सुटला, आणि दुपारी गावाकडचा एक गाडीवान निरोप घेऊन आला की तापाच्या साथीत सगुणा गेली. नामानं अग्नी दिला होता.

दौलतरावांनी गाडीवानाला परड्यात नेऊन गप्प राहायला सांगितलं. पण उकंड्यानं त्याचं तोंड पाहिलं होतं. त्यानं गाडीवानाकडून खरं काय ते काढून घेतलं आणि सरळ माजघरात आला. भटजी तिथंच होते, मीही होतो. त्यानं भटजींना विचारलं, मी डोकं भादरायचं ना? भटजी दौलतरावांकडं बघू लागले. मग म्हणाले की दत्तक गेलेल्याचं घर बदलतं, ती आता तुझी चुलती, थोडं सुतक धरायचं ते मंगलकार्य उरकल्यावर धरता येईल.

तो म्हणाला, “चुलती नाई. माय मेली माही.”

दौलतराव बसल्या जागेवरून उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “यशवंता, तुही माय अठी बसली हाये. जित्ती हाये. जित्त्या मायसाठी डोस्कं भादरते का कोनी?”

काशीबाई जात्याजवळ बसली होती. उकंडा तिच्याकडं बघत राहिला. तिनं एक शब्द जरी काढला असता तर काय झालं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती खाली बघून सूप पाखडत राहिली. सुपात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साक्षगंध झालं. तो जरीचा फेटा बांधून पाटावर बसला. मुलीकडच्यांनी टिळा लावला, त्यानं लावून घेतला. खा म्हणाले ते खाल्लं. अकोल्याचे पाहुणे म्हणाले, मुलगा शांत आहे.

आम्ही दोघंच असलो म्हणजे मी त्याला जुन्या नावानं हाक मारत असे. त्याला ते आवडायचं. पाहुणे गेल्यावर तो माझ्या खोलीवरून चालला होता, मी हळूच म्हटलं, उकंडा, ये रे, बस. तो उंबऱ्यापाशी थांबला.

“यशवंतराव म्हणा, मास्तर,” तो म्हणाला. ‘म्हना’ नाही, ‘म्हणा’. न पढवता आलेला इतका स्वच्छ ‘ण’ त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

तिथून तो यशवंतराव झाला. यशवंतरावांना भूक नाही, यशवंतराव आले, हे सगळं बंद. आरशात बघून फेटा बांधायचा, करकरत्या जोड्यांनी बाजारात फिरायचा. बंड्यांच्या तळावर जायचा तो मालक म्हणून. त्याच्या गावचा तोच गाडीवान, निरोप आणणारा, एकदा सवयीनं त्याला उकंडाभाऊ म्हणाला, तर यानं त्याच्या पाठीत चाबूक ओढला. दौलतरावांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. ते मला म्हणाले, मास्तर, आता पोरगं रांगेला लागलं. घरादारानं, गावानं, भटजींनी, मीसुद्धा, त्याला जे व्हायला सांगितलं होतं ते तो झाला होता. आणि जे झालं होतं ते फार देखणं नव्हतं. पण ते पक्कं होतं. निदान आम्हाला तसं वाटलं.

त्याच साली काशीबाईला दिवस गेले. चाळिशीला आलेली बाई. सगळं गाव आश्चर्य करत राहिलं. दत्तक घेतला की त्याच्या पायगुणानं पोटचं होतं, असं लोक म्हणतात. सगळ्यांनी यशवंतरावाच्या पायगुणाची तारीफ केली. मुलगा झाला. बारशाला यशवंतरावानं स्वतः साखर वाटली.

त्याच सुमाराला अमेरिकेतली लढाई थांबली. महिनाभर कुणाचा विश्वास बसेना. मग भाव असा कोसळला की बाजारात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. दौलतरावांच्या वखारी चढ्या भावानं घेतलेल्या कापसानं भरल्या होत्या. चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या. बैलही काही विकले. ज्या घरात एक वारस कमी होता, तिथं आता एक जास्त झाला.

कुणी त्याला जा म्हटलं नाही. काशीबाई बाळापायी गुंतली, तेल घालायचं राहून जाऊ लागलं. पाट मांडताना त्याचा पाट दौलतरावांच्या शेजारून एकेक जागा खाली सरकत गेला. अकोल्याच्या मंडळींनी मुलगी अजून लहान आहे असं कळवलं आणि पुढच्याच मोसमात ती दुसरीकडं दिली.

एका सकाळी ओट्यावर चार माणसं बसली होती. मी शाळेला निघत होतो. दौलतराव कसल्याशा काळजीत होते. अंगणात बंडी येऊन उभी राहिली, तिचे बैल सोडायला कुणी नव्हतं. त्यांनी आत बघून हाक मारली, “उकंड्या, बैल सोड रे.”

ज्या माणसानं ते नाव घरात उच्चारायची बंदी केली होती, त्याच्याच तोंडून ते निघालं. चुकून निघालं असेल. चुकून निघालं म्हणूनच ते खरं होतं.

तो दारात आला. “कोनाले म्हनता?”

“तुले. दुसरा कोन हाये अठी उकंड्या?”

तो अंगणात उतरला. बैल सोडले, दावणीला बांधले, त्यांच्यापुढं कडबा टाकला, हात धुतले. त्या दिवशी तो नेहमीसारखा जेवला. दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर माझ्या दाराशी आला तेव्हा डोक्याला फेटा नव्हता आणि पायांत काही नव्हतं. त्यानं विचारलं, दत्तक घेतलेला माणूस कायद्यानं परत देता येतो का? मी म्हटलं, नाही, येत नाही. तू या घरचा मुलगा आहेस, तुला वाटा आहे, तो कुणी नाकारू शकत नाही. कचेरीत अर्ज कर, मी लिहून देतो.

मी काहीतरी भलतंच बोललो असं त्याच्या डोळ्यांत होतं.

“वाटा नाई पाह्यजे, मास्तर. मी कोनाचा होय, थे सांगा.”

तो गावाच्या रस्त्यानं निघून गेला.

गावी काय झालं ते मला सखारामकडून कळलं. कापसाची बंडी घेऊन तो अमरावतीला आला होता, आणि भावाच्या घरात जायच्या आधी माझ्या पायरीवर टेकला. पोरगा आला होता म्हणाला. काही दिवस राहिला. वखरणी केली, विहिरीचा गाळ काढला. नामाची बायको नवीन आलेली. तिनं त्याचं ताट ओसरीवर वेगळं वाढलं, पाहुण्याचं वाढतात तसं, वर तुपाची धार. तिला बिचारीला वाटलं आपण मान देतोय. त्यानं ते जेवून घेतलं. पण गावात कुजबूज सुरू झाली की दिलेलं पोर परत आलं, आता नामाच्या वावराचे दोन तुकडे होणार. पंच येऊन सखारामला विचारून गेले.

“मग तुम्ही काय सांगितलं?” मी विचारलं.

सखाराम हाताच्या तळव्याकडं बघत होता. “म्या त्याले म्हनलं, बाबू, तुले म्या देल्ला. भरल्या मांडवात देल्ला. देल्लेलं घरात घेतलं तं गाव थुकते माह्या तोंडावर.” पुढं म्हणाला, “मास्तर, तो पाया पडला अन् गेला.”

भावाच्या घरात न जाताच सखाराम बंडी हाकत निघून गेला.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली. आगगाडी नुकतीच तिथवर आली होती. स्टेशनाजवळ नवी वस्ती उठली होती. कुठून कुठून माणसं आली होती आणि कुणी कुणाची पिढी विचारत नव्हतं. मी एका रविवारी तिकडं फिरायला गेलो होतो. मोरणा नदीच्या बाजूनं रुईच्या गठाणी लादलेल्या बंड्या येत होत्या. त्यांतल्या एकीवरून मला कुणीतरी रामराम केला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडं. मी ओळखलं ते खाली उतरून बैलाचा गळा खाजवणाऱ्या हातावरून.

बोलला चांगला. स्वतःची बंडी आणि जोडी होती. पाट लावला होता, एका विधवेशी. तिला पहिल्या नवऱ्याचा चार वर्षांचा मुलगा होता. घर दाखवायला घेऊन गेला. कुडाच्या दोन खोल्या, सारवलेलं अंगण. बाई माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून बाजूला बसली. मुलगा त्याच्या धोतराला धरून उभा होता. मी विचारलं, काय रे, नाव काय तुझं? मुलगा एका दमात म्हणाला, “गनू किसन.” किसन हे त्याच्या मेलेल्या बापाचं नाव. पढवलेलं होतं, कळत होतं.

मी उकंड्याकडं पाहिलं. तो म्हणाला, “बाप हाये ना त्याले. मेला, पन हाये. माहं नाव कायले लावाव?”

एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला गेला. मी उठणार तोच ती बाई हलक्या आवाजात म्हणाली, “तुमी त्यायचे मास्तर ना? सांगा ना त्यायले काई.”

काय सांगू, मी विचारलं.

“पोराले बाबा म्हनू देत नाई. काका म्हन, म्हनते. जीव लई लावते, खांद्यावरून खाली ठेवत नाई, पन बाबा म्हनलं का तोंड फिरवते. पोरगं आता जागेपनी नाई म्हनत. झोपेत म्हनते. झोपेत बाबा बाबा करते, अन् हा उठून भाईर जाऊन बसते.”

ती आणखी काही बोलणार होती, पण तो परत आला. गठाणी स्टेशनात टाकायच्या होत्या, त्याला उशीर होत होता. त्यानं मुलाला काखेतून उचलून बंडीवर ठेवलं, स्वतः जुवाशी बसला आणि बैलांना इशारा केला. बंडी वळली. मुलगा गठाणींना पाय लावून त्याच्या पाठीला पाठ टेकून बसला होता, तोंड माझ्याकडं. खाचखळग्यातून बंडी डुलत होती तसं ते पोर सगळा भार त्याच्या पाठीवर टाकत होतं. उकंड्यानं पाठ ताठ धरली होती. पण तो सरकला नाही.